जुन्या गाडीचा पोचा आणि विम्याचा हिशेब

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. रुंद दगडी पायऱ्या, त्यांच्यावर तटासारखी उभी राहिलेली भक्कम इमारत, लक्ष्मीनारायणाचे मंदिर, जवळच यमेश्वर आणि यमादित्य. एका अंगाला गंगामहाल आणि शिंद्यांचा घाट, दुसऱ्या अंगाला अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला गणेश घाट, आणि पुढे पंचगंगेवरून दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाकडे गेले की पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी कुटुंबांची घरे. नागपूर संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले, पण नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्याशी असलेले या घाटाचे नाते विदर्भाच्या मनातून गेले नाही.

नागपूरहून इथे यायला रस्ताही पूर्वापार आहे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीला सुरू व्हायचा आणि मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करत कन्याकुमारीला संपायचा. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. आता नागपूरहून लखनादौनपर्यंत ४४, तिथून जबलपूरपर्यंत ३४, पुढे रीवा ओलांडून मनगवांपर्यंत ३० आणि मनगवांहून मिर्झापूरपर्यंत १३५, मग वाराणसी. पाटी बदलली, वाट तीच राहिली. सातशे किलोमीटरांहून जास्त अंतर असले तरी आई-वडिलांना रेल्वेच्या जिन्यांवरून चढवण्या-उतरवण्यापेक्षा घरची गाडी बरी, असे म्हणून अनेक कुटुंबे निघतात. घरची गाडी म्हणजे बहुधा घरातली एकुलती एक गाडी. दहा-बारा वर्षे वापरलेली, कर्ज केव्हाच फिटलेली, अजून इमानाने चालणारी.

२०२५च्या महाकुंभात या वाटेचे हाल साऱ्या देशाने पाहिले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयागराजकडे निघालेल्या गाड्यांची कोंडी रीवा, मैहर, कटनी, जबलपूरपर्यंत मागे आली आणि मध्य प्रदेश पोलिसांना जागोजागी गाड्या थांबवून ठेवाव्या लागल्या. अशा कोंडीत मोठा अपघात क्वचित होतो. बंपरला बंपर लागतो, आरसा तुटतो, दाराला ओरखडा येतो. बातमीत न येणारे हे नुकसान गाडीमालकाला मात्र पुढचे कित्येक महिने पुरते. या लेखाचा विषय तेच नुकसान आहे, कारण त्याबद्दल मराठीत नीट हिशेब मांडून सांगणारे फार थोडे आहेत आणि चुकीचे सल्ले देणारे गल्लोगल्ली आहेत.

भोसले घाटापर्यंत गाडी जात नाही. घाटामागच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावे लागते. गाडी टाउन हॉल किंवा बेनियाबागेच्या पार्किंगमध्ये लावायची आणि चौक ओलांडून गल्ल्यांतून चालत खाली उतरायचे. मैदागिन ते गोदौलिया या पट्ट्यात चारचाकीला बहुतेक वेळा बंदीच असते. त्यामुळे बाहेरगावची प्रत्येक गाडी मैदागिनच्या आसपास येऊन अडखळते. सायकलरिक्षा, हातगाड्या, दुचाक्या, यात्रेकरूंचे तांडे आणि सगळ्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या ई-रिक्षा तिथे एकत्र येतात.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा आमच्या गाडीला धक्का बसला तो इथेच. गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, १५०० सीसीच्या आतली. पार्किंगकडे वळत असताना डावीकडून आलेली ई-रिक्षा पुढच्या कोपऱ्यावर आदळली. बंपर फाटला, डावा हेडलाइट फुटला, चाकावरच्या फेंडरला खोल पोचा पडला. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, ही विश्वनाथाची कृपा. ई-रिक्षाचा चालक कोवळा पोरगा होता, रिक्षा दुसऱ्याची, रोजच्या भाड्याने घेतलेली. विम्याचा कागद त्याच्याजवळ नव्हता. दोन मिनिटांत माणसे जमली. त्यातल्या निम्म्यांनी त्याचा दोष काढला, निम्म्यांनी आमचा, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून दोन्ही बाजू बंद पाडल्या. त्या पोराच्या अंगावरचा शर्ट पाहूनच कळत होते की त्याच्याकडून भरपाई घेणे म्हणजे त्याच्या घरची चूल विझवणे. चारही बाजूंनी फोटो घेतले, रिक्षाचा नंबर दिसेल असा एक घेतला आणि गाडी बाजूला केली.

त्या पोराचा शर्ट बाजूला ठेवला तरी कायदा काय म्हणतो, हे माहीत असायला हवे. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी विमा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, भारतात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातली ती तरतूद १९८८च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आली. २०१४-१५ मध्ये ई-रिक्षा याच कायद्याच्या चौकटीत आल्या, म्हणजे त्यांनाही नोंदणी आणि विमा लागतो, चालकाला लायसन्स लागते. विम्याविना गाडी चालवली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि थर्ड पार्टीत फक्त जीव नव्हे, मालमत्ताही येते. म्हणजे ई-रिक्षाचा विमा असेल तर आमचा बंपर तिच्या विमा कंपनीने भरून द्यायला हवा.

कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात त्या कंपनीच्या कार्यालयात जाऊन बिल देता येत नाही. दुसऱ्याच्या विम्यातून आपल्या गाडीची भरपाई मागायची तर मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. पोलिसांत नोंद हवी, चालकाची चूक सिद्ध करायला हवी, आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. आपण जिथे राहतो तिथल्या प्राधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे नागपूरकराला त्यासाठी वाराणसीला खेटे घालावे लागत नाहीत, हा एक दिलासा. पण वीस-बावीस हजारांच्या पत्र्यासाठी वकील लावून प्राधिकरणाची पायरी कोण चढेल? कोणीच चढत नाही. म्हणून या देशात किरकोळ धडकेचा निवाडा रस्त्यावर होतो. ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या बाजूने चार माणसे, ज्याची गाडी मोठी, त्याच्या बाजूने. मला ही गोष्ट मनापासून खुपते. विम्याचा हप्ता दोघेही भरत असतात आणि तरीही भर चौकात एकमेकांची कॉलर धरतात.

उरतो तो स्वतःच्या पॉलिसीतला ओन डॅमेज भाग, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. पुष्कळ जुन्या गाड्यांना तो नसतोच. एजंट सांगतो की गाडीची किंमत आता उरली नाही, थर्ड पार्टी पुरे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना गॅरेजवाला सांगतो की क्लेम टाका, सगळे मिळेल, आणि शेजारी सांगतो की अजिबात टाकू नका, नो क्लेम बोनस जाईल. दोघेही आकडे न मांडता बोलत असतात. आपण मांडू.

आमच्या गाडीचे बिल कर धरून २२,००० रुपये झाले. सोयीसाठी आकडे पूर्णांकात देतो. बंपर ४,०००, हेडलाइट ५,०००, फेंडर ३,०००, रंगकाम ७,०००, मजुरी ३,०००. आता घसारा. विमा कंपनी जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवते तेव्हा नव्याची पूर्ण किंमत देत नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा. फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य. पत्र्यावर मात्र गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, मग ५, १०, १५, २५, ३५ असा चढत पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. म्हणजे दहा वर्षे ओलांडली की काच सोडून बहुतेक सगळ्याला अर्धी कात्री. हेडलाइटच्या पुढच्या भागाला आपण काच म्हणतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर त्याला प्लास्टिकच धरतो.

रंगाचा नियम थोडा वेगळा आणि मालकाच्या फायद्याचा आहे. घसारा फक्त रंगाच्या साहित्यावर लागतो, रंगाऱ्याच्या मजुरीवर नाही. बिलात दोन्ही एकत्र असतील तर चौथा हिस्सा साहित्याचा धरायचा आणि त्यावर ५० टक्के कापायचे. ७,००० रुपयांच्या रंगकामात साहित्य १,७५०, त्यातले ८७५ कापले, ६,१२५ मंजूर. काही ठिकाणी सगळ्या रंगकामावर अर्धी कात्री लावलेली दिसते. ती चूक आहे आणि दाखवून दिली तर दुरुस्त होते. मजुरीवर घसारा नाही.

मग आमच्या बिलाचे असे झाले: बंपरचे २,०००, हेडलाइटचे २,५००, फेंडरचे १,५००, रंगाचे ६,१२५, मजुरीचे ३,०००. एकूण १५,१२५. त्यातून प्रत्येक क्लेमला मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम वजा होते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती १,००० रुपये, त्यापुढे २,०००. हप्ता कमी व्हावा म्हणून तुम्ही स्वेच्छेने जास्त रक्कम सोसायचे कबूल केले असेल तर तीही जाते. हाती आले १४,१२५. खिशातून गेले ७,८७५.

इतके झाल्यावर बोनसचा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. क्लेम न करता एक वर्ष गेले की ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य आणि शिडी पहिल्यापासून. पन्नास टक्के हा आकडा ऐकायला मोठा आहे. पण तो कशाचा पन्नास टक्के? संपूर्ण हप्त्याचा नव्हे, फक्त ओन डॅमेजच्या भागाचा. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, त्यावर बोनस नाही. १ जून २०२२ पासून हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे. जुन्या गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, उतरलेली असते, त्यामुळे तिचा ओन डॅमेजचा हप्ताही उतरलेला असतो.

समजा सूट धरण्याआधी तो ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांच्या पायरीवर आहात. क्लेम केला नसता तर दरवर्षी २,५०० भरले असते. क्लेम केला तर पहिल्या वर्षी सूट नाही, म्हणजे २,५०० जास्त. दुसऱ्या वर्षी २० टक्के सूट, म्हणजे १,५०० जास्त. पुढे १,२५०, मग ७५०, मग २५०, आणि त्यानंतर पुन्हा ५० टक्के. बेरीज ६,२५०. थोडक्यात, शेवटच्या पायरीवरच्या माणसाला एका क्लेमची किंमत मोजावी लागते ती एका वर्षाच्या मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट, तीही पाच वर्षांत विभागून. आमच्या बाबतीत १४,१२५ मिळाले आणि पाच वर्षांत सव्वासहा हजार जातील. क्लेम करणे बरोबर होते. शेजारी म्हणाला ते ऐकले असते तर जवळपास आठ हजारांचे नुकसान झाले असते.

आता हाच हिशेब फक्त ओरखड्यासाठी करा. बंपर फाटलेला नाही, नुसता रंगवायचा आहे: रंग ४,०००, मजुरी १,५००, क्लिपा ५००, बिल ६,०००. रंगाचे ३,५००, मजुरीचे १,५००, क्लिपांचे २५० मंजूर, त्यातून १,००० वजा, हाती ४,२५०. हे सव्वासहा हजारांपेक्षा कमी. इथे गॅरेजवाल्याचे ऐकणारा फसला.

एका परिस्थितीत हा हिशेब साफ उलटतो. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना तो नव्या गाडीवर नेता येतो. कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांपर्यंत. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता वीस हजार असेल तर पन्नास टक्के म्हणजे एकदम दहा हजार. म्हणून दिवाळीला किंवा पाडव्याला नवी गाडी घ्यायचे घरात ठरले असेल तर जुन्या गाडीचा पोचा मुकाट्याने पदरच्या पैशाने काढावा. गाडी विकणाऱ्या किती जणांना हे पत्र मागायचे असते हे ठाऊक आहे? ज्यांच्याकडे मी चौकशी केली त्यांतल्या बहुतेकांनी जुनी पॉलिसी गाडीबरोबरच नव्या मालकाच्या हाती दिली होती.

यातून जुन्या गाडीच्या दुसऱ्या दुखण्याकडे येतो. सेकंडहँड गाडी घेतली, आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नाव लागले, पण विमा जुन्या मालकाच्याच नावे राहिला, अशा गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप जाते. ओन डॅमेजचे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्शुलेशन्सच्या खटल्यात ते स्पष्ट केले. गाडी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचे असते. ते राहिले तर घसाऱ्याचा हिशेब करण्याची वेळच येत नाही.

पंधरा वर्षांची अट तर याहून कडक. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नवी. नोंदणी संपलेली गाडी विमा काढलेला असूनही क्लेमला नालायक ठरू शकते. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाड्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२१ मध्ये हेच म्हटले: वैध नोंदणीविना रस्त्यावर आलेली गाडी म्हणजे कराराच्या मूळ अटीचाच भंग. चौदा वर्षांची गाडी घेऊन काशीला निघणाऱ्याने आरसीवरची तारीख पाहिलीच पाहिजे. नंतर बसवलेला सीएनजी किंवा एलपीजी संच आरसीत आणि पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर तोही वादाचे कारण. आणि एक गोष्ट यात्रेला जाणाऱ्यांसाठी खास: शेजाऱ्याची खासगी गाडी पैसे ठरवून भाड्याने नेणे. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही. डिझेल वाटून घेणे वेगळे, दर ठरवून नेणे वेगळे, आणि सर्व्हेअरच्या प्रश्नाला प्रवासी काय उत्तर देतात त्यावर सगळे अवलंबून राहते.

पीयूसीबद्दल, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राबद्दल, मात्र उगाच भीती पसरली आहे. पीयूसी नसेल तर क्लेम मिळत नाही, हा समज चुकीचा असल्याचे विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केले. पीयूसी काढायलाच हवी, ते वेगळ्या कारणासाठी.

वाराणसीत धडक बसली म्हणून दुरुस्ती तिथेच करायला हवी असे नाही. पॉलिसी देशभर चालते. कंपनीला लगेच कळवायचे, क्लेम क्रमांक घ्यायचा, आणि गाडी चालण्याजोगी असेल तर नागपुरात आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये सर्व्हे करून घेता येतो. आम्ही तसेच केले. पण चालण्याजोगी आहे की नाही हे कोणी ठरवायचे? पॉलिसीत अशी अट असते की अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढले तर वाढलेले नुकसान मालकाचे. समोरून धक्का बसला असेल तर रेडिएटर आणि त्याचे पाइप मेकॅनिकला दाखवल्याशिवाय निघू नये. मिर्झापूर ओलांडून ड्रमंडगंजच्या घाटात, हनुमनाच्या चढावर शीतक गळून इंजिन पकडले तर पोच्याचे बिल वीस हजार आणि इंजिनाचे लाखभर, आणि ते लाखभर विमा देणार नाही. टोइंगसाठी नेहमीच्या पॉलिसीत दीड हजार रुपयांपर्यंतच तरतूद असते; त्या रस्त्यावर तेवढ्यात गाडी फार लांब जात नाही.

जुन्या गाडीवर आधीचे ओरखडे असतातच. सर्व्हेअर ते वेगळे काढतो, गंजही वगळतो, आणि तो त्याचा हक्क आहे. दोन वेगवेगळ्या धडकांचे नुकसान एका क्लेममध्ये दडपायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. गंजाचा रंग आणि ताज्या पत्र्याची चमक त्याला सहज ओळखता येते, आणि एक खोटे सापडले की खरेही संशयात येते. यात्रेला निघण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले तर जुने कोणते नि नवे कोणते, हा वाद तिथेच मिटतो.

मोटार विम्यात पन्नास हजारांच्या आतल्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही. कंपनी फोटोंवरही निर्णय घेऊ शकते. सर्व्हेअर नेमायचा असेल तर विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून चोवीस तासांत नेमायचा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. कागदपत्र अपुरे आहेत एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही. सर्व्हेअरने लिहिले म्हणजे संपले, असेही नाही. त्याचा अहवाल महत्त्वाचा पुरावा आहे, पण अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सांगितले. कळवायला उशीर झाला हे एकच कारण दाखवून खरा क्लेम फेटाळू नये, हेही २०१७ मध्ये ओम प्रकाश यांच्या खटल्यात सांगितले.

दाद मागायच्या जागा आहेत आणि त्या महाग नाहीत. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. शुल्क नाही, वकील लागत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत जायचे, मर्यादा ५० लाखांपर्यंत. वाराणसी लखनौच्या लोकपालाकडे येते, नागपूर पुण्याच्या. अपघात कुठेही झालेला असो, आपण राहतो त्या भागाच्या लोकपालाकडे जाता येते. ग्राहक आयोगाचेही तसेच: २०१९च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आणि छोट्या रकमांना शुल्क ठेवले नाही. विमा नियामकाचा तक्रारीसाठी १५५२५५ हा फोन क्रमांकही आहे. तरीही जुन्या गाडीचा मालक तीन-चार हजारांच्या कपातीसाठी यातले काहीच करत नाही, आणि चुकीच्या कात्र्या तशाच चालू राहतात.

एक धोका किरकोळ धडकेत सहसा येत नाही, पण फार जुन्या गाडीला येऊ शकतो. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. हप्ता कमी व्हावा म्हणून ती फार खाली आणली, समजा ८०,००० केली, तर दुरुस्तीचे बिल तिच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ६०,००० च्या पुढे गेले की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. चांगली चालणारी गाडी हातची जाते आणि मिळालेल्या पैशांत तशी दुसरी मिळत नाही. हप्त्यातले दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी आयडीव्ही पाडू नये.

चौकातले भांडण इतरत्र टाळले जाते. फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत विमा कंपनीने दिलेला एक छापील अर्ज असतो. धडक झाली की दोन्ही चालक मिळून तो भरतात: कोण कुठून येत होते, कुठे लागले, छोटासा नकाशा, दोघांच्या सह्या. एकेक प्रत आपापल्या कंपनीला जाते आणि पुढचा हिशेब कंपन्या आपसांत करतात. चौकात भांडायचे कारण उरत नाही. जर्मनीत आणखी एक सोय आहे. क्लेमचे पैसे मिळाल्यावरही ते ठरावीक मुदतीत कंपनीला परत करून बोनसची पायरी वाचवता येते, म्हणजे वर मांडला तसा हिशेब घरी बसून शांतपणे करायला वेळ मिळतो. या दोन्ही गोष्टींसाठी वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक गाडीचा विमा तिच्या क्रमांकावरून मोबाइलवर दिसतो. दोन चालकांनी एकत्र भरायचा अर्ज त्यालाच जोडता येईल आणि पंचवीस-तीस हजारांपर्यंतचे मालमत्तेचे दावे प्राधिकरणात न नेता कंपन्यांनी थेट भागवावेत असा नियम करता येईल. विमा नियामकाने हे करायला हवे. ते झाले असते तर मैदागिनच्या त्या पोराला गर्दीत मान खाली घालून उभे राहावे लागले नसते, आणि त्याच्या रिक्षामालकाला विमा न काढण्याची सवडही मिळाली नसती.

तोवर वाचकांनी एवढे करावे. काशीला निघण्याच्या आठवडाभर आधी आरसी, पॉलिसी आणि लायसन्स एकत्र काढून तिन्हींवरची नावे आणि तारखा जुळवाव्यात. पॉलिसीवर ओन डॅमेजचा मूळ हप्ता छापलेला असतो. त्याची सव्वापट करून तो आकडा गाडीच्या कागदांत लिहून ठेवावा. धडक झालीच तर घसारा आणि स्वतः सोसायची रक्कम वजा करून मिळणारी रक्कम त्याहून जास्त असेल तेव्हाच क्लेम टाकावा. आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंटला घसाऱ्याचा तक्ता मराठीत लिहून मागावा. तो देणे त्याचे काम आहे.